ओल कुठून येते

लोखंडी चॅनेलची चौकट, बाहेरून नालीदार पत्रा, आतून लॅमिनेट चढवलेला बोर्ड आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत ग्लासवूल. २० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. खाली एक्सल आणि चाकं, पुढे ट्रॅक्टर जोडायचा हूक. समृद्धी महामार्गाचं काम वर्धा जिल्ह्यात सुरू होतं तेव्हा मी एका ठेकेदार कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये होतो आणि ही केबिन आमचं घर होती. मी, सर्व्हेअर आणि लॅबचे दोन टेक्निशियन असे चौघं तिच्यात राहायचो. काम पुढे सरकलं की केबिनही सरकायची. सेलूकडून निघून येळाकेळीकडे धाम नदीच्या अंगाला, मग आर्वी तालुक्यात विरूळच्या बाजूला. पुढे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो.

मला लहानपणापासून दमा आहे. खिशात पंप असतोच. धुळीचा त्रास होईल असं रस्त्याच्या कामावर जाताना घरच्यांनी बजावलं होतं, आणि धूळ होतीही. पण माझी छाती भरली ती धुळीच्या दिवसांत नव्हे. ती भरली जुलैच्या झडीत, जेव्हा धूळ पार बसलेली असते, सगळा परिसर धुऊन निघालेला असतो आणि बाहेर उभं राहिलं तर श्वास मोकळा चालतो. केबिनमध्ये शिरलं की घशात खवखव आणि पहाटे तीनच्या सुमाराला शिट्ट्या. बाहेर बरं आणि आत वाईट, एवढं कळायला मला फार वेळ लागला नाही. आतलं नेमकं काय वाईट आहे, हे मात्र शोधावं लागलं.

माझं काम ओलाव्याचंच होतं. रस्त्याचा भराव घालताना माती किती ओली असावी याचं एक नेमकं प्रमाण असतं. कोरडी असली तर रोलर कितीही फिरवा, ती दबत नाही. जास्त ओली झाली तर रोलरखाली लिबलिबते. त्या मधल्या प्रमाणाला साइटवर सगळे ‘ओएमसी’ म्हणतात. मातीचा नमुना घ्यायचा, वजन करायचं, ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करायचं. जे घटलं ते पाणी. घाई असली तर कॅल्शियम कार्बाइडचा मीटर. वर्ध्याकडची काळी माती तर पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते, म्हणून ती भरावात चालवायची की काढून टाकायची हे ठरवण्यासाठी तिची फुगण्याची चाचणी घ्यायची. दुसऱ्या बाजूला काँक्रीटचे क्यूब ७ आणि २८ दिवस पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, म्हणजे त्यांची ताकद पूर्ण येते. मातीत पाणी मोजून घालायचं, काँक्रीटचं पाणी उडू द्यायचं नाही. दिवसभर हे केल्यावर रात्री ज्या खोलीत झोपायचो तिच्यातलं पाणी मात्र कोणी मोजत नव्हतं.

वर्ध्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ४६ अंश म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पत्र्याच्या केबिनच्या छताला मे महिन्यात दुपारी हात लावता येत नाही. या उन्हाचा पावसाळ्यातल्या बुरशीशी थेट संबंध आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. छताचे पत्रे चौकटीला स्क्रूने आवळलेले असतात. प्रत्येक स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो, त्याच्यामुळे भोकातून पाणी आत येत नाही. दोन उन्हाळे गेले की ते रबर कडक होतं, मग त्याला चिरा पडतात. पत्रा दिवसा ताणतो, रात्री आकसतो, स्क्रू ढिला होतो. वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. पहिल्या मोठ्या पावसात प्रत्येक भोकातून थेंब-थेंब पाणी ग्लासवूलमध्ये उतरतं. ते खाली गळत नाही, म्हणून गळती आहे हेच समजत नाही. ग्लासवूल ते धरून ठेवतं, आणि त्याला चिकटलेला बोर्ड मागच्या बाजूने भिजत राहतो. आतल्या चकचकीत लॅमिनेटवर डाग दिसेपर्यंत मागचा भुसा कुजलेला असतो.

त्यात आमचं घर चालतं. ट्रॅक्टरने ओढून कच्च्या रस्त्यावरून नेलं की चौकट पिळते, कोपऱ्यांतलं सीलंट तुटतं, खिडकीची रेल हलते. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या असलेल्या केबिनपेक्षा फिरत्या केबिनमध्ये ओल लवकर शिरते ती याच कारणाने. पुढे मी एक नियम लावून घेतला होता. शिफ्टिंग झालं की सामान आत लावण्याआधी पाण्याच्या टँकरचा पाइप छतावर आणि सांध्यांवर धरायचा, आत एकाने टॉर्च घेऊन कोपरे पाहायचे, जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करायची आणि कोरडं झाल्यावर सिलिकॉन भरायचं. मे महिन्याच्या शेवटी सगळे वॉशर बदलायचे. सर्व्हेअरला हे आधी फार वाटायचं. नंतर तोच आधी पाइप उचलायचा.

पण छत बंद केलं तरी बुरशी थांबली नाही. कमी झाली, एवढंच. पलंगाच्या मागे, कपाटात, चामड्याच्या पट्ट्यावर, दप्तरांच्या पुठ्ठ्यांवर ती येतच राहिली. आधी पांढरट भुरा, मग हिरवट-काळे ठिपके. कॅम्पात रिवाज असा की ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून काढायचं. दोन दिवस खोलीला पोहण्याच्या तलावाचा वास, आणि आठवड्याने ठिपके परत. बोर्ड सच्छिद्र असतो. ब्लीच वरच्या वर रंग उडवतं आणि त्याच्यातलं पाणी बोर्डाच्या पोटात जातं. बुरशीची मुळं जिथे आहेत तिथपर्यंत औषध पोचत नाही, पाणी पोचतं. शिवाय बुरशी मेली तरी तिचे कण राहतात, आणि माझ्यासारख्याच्या छातीला मेलेले कणही पुरतात. कोरड्या फडक्याने झटकलं तर ते हजारोंनी हवेत उडतात. म्हणून पुसायचं तर मास्क लावून, साबणाच्या ओल्या फडक्याने, लगेच कोरडं करत. आणि बोर्ड मऊ पडला असेल तर तो तुकडा कापून काढून टाकायचा, त्याला दुसरा इलाज नाही.

त्यातच २०२१ साल आलं. करोनाची दुसरी लाट ओसरता-ओसरता ‘ब्लॅक फंगस’ हा शब्द घराघरांत पोचला. वर्ध्यातल्याच जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीत त्यावरचं अँफोटेरिसिन बी इंजेक्शन तयार होऊ लागल्याची बातमी मे महिन्यात सगळीकडे झळकली होती, त्यामुळे आमच्या भागात तर त्याचीच चर्चा. कॅम्पात भिंतीवरचा काळा ठिपका दिसला की माणसं घाबरू लागली. एक ड्रायव्हर केबिन सोडून ट्रकमध्ये झोपायला गेला. मी वाचून, विचारून जे समजलं ते सगळ्यांना सांगत फिरलो: म्युकरमायकोसिस वेगळा, भिंतीवरचे हे ठिपके वेगळे. त्या रोगातलं काळेपण बुरशीच्या रंगाचं नसतं, रक्तपुरवठा तुटून मेलेल्या पेशींचं असतं. वाढलेली साखर, स्टिरॉइड, खचलेली प्रतिकारशक्ती अशा शरीरात तो घुसतो. भिंतीवर दिसतात त्या बहुतेक क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम या जातींच्या बुरशा. निरोगी माणसाचा त्यांनी जीव जात नाही. पण दमेकऱ्याची छाती आवळते, सर्दी हटत नाही, लहान मुलांचा खोकला महिनाभर रेंगाळतो. भीती ओसरावी म्हणून मी हे सांगत होतो, पण बेफिकिरी यावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. मोठ्या रोगाचं नाव ऐकून लोक घाबरले आणि रोजचा खोकला मात्र त्यांनी ‘पावसाळा आहे’ म्हणून सोडून दिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या पावसाळ्यात मी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेलो. ओपीडीतल्या डॉक्टरांनी छाती तपासली, पंप कसा ओढतो ते करून दाखवायला लावलं, आणि मग विचारलं, “झोपता कुठे?” केबिनचं वर्णन ऐकून त्यांनी पुढचे प्रश्न डॉक्टरसारखे नाही, मिस्त्रीसारखे विचारले. गादी जमिनीवर की पलंगावर? भिंतीला टेकून? स्वयंपाक आत? कपडे कुठे वाळवता? चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि खाली मराठीत लिहिलं: खोलीतली ओल शोधा. एवढंच. मला ते पटलं, कारण लॅबमध्ये मी हेच करत होतो. नमुना नापास झाला तर नमुन्याला रागवत नाहीत, पाणी कुठून जास्त आलं ते पाहतात.

वर्ध्याच्या बाजारातून एक साधा आर्द्रतामापक आणला आणि केबिनमध्ये टांगला. एक वही केली. सकाळी उठल्यावर, दुपारी, झोपताना, असे आकडे लिहायचे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवली तर बुरशीला वाढायला अवघड जातं, आणि एखादी वस्तू भिजून एक-दोन दिवसांत वाळली नाही तर तिच्यावर बुरशी धरतेच. ही दोन मापं मनाशी धरली होती. वहीत दिसलं ते असं. झोपताना ७०, पहाटे ८८. रात्री पाऊस नसला तरीही. खिडक्या बंद, छत पक्कं, मग हे पाणी कोणी आणलं?

आम्हीच. हिशेब मांडला तेव्हा मी स्वतः थक्क झालो. केबिनचं आकारमान साधारण ३८ घनमीटर. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरते. म्हणजे आमच्या सगळ्या खोलीची हवा भरून-भरून ९०० ग्रॅमच्या आत-बाहेर पाणी धरू शकते. झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून ताशी ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. चार माणसं, आठ तास: सव्वा लिटर. खोलीची हवा जेवढं धरू शकते त्याहून जास्त पाणी आम्ही नुसतं झोपून बाहेर टाकत होतो. वर गॅस. एक किलो एलपीजी जळला की जवळपास १.६ किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरच्या वर पाणी हवेत गेलेलं असतं, आणि त्यात भाताची, चहाची वाफ धरलेली नाही. खोलीत दोरीवर टाकलेले पिळलेले कपडे वेगळे. आरसीसीच्या मोठ्या घरात हे पाणी विरून जातं, भिंती थोडं पितात, फटींतून थोडं जातं. पत्र्याच्या डब्यात ते जिथे गार पत्रा भेटेल तिथे टेकतं.

धामच्या काठी केबिन उभी होती तेव्हा शेजारच्या वावरातले एक काका संध्याकाळी येऊन बसायचे. भिंतीवरचा मापक पाहून त्यांनी विचारलं, “हे काय लावलं भाऊ?” मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे आमच्या सोयाबीनच्या मशीनवानी. बाजारात नेलं का पह्यले मशीन लावते. बाराच्या वर गेलं का भाव कापते. पोतं घरात लावतानी बी भितीले टेकवू नाई, खाली लाकडं टाका लागते. नाई तं बुरा धरते.”

सोयाबीनचं पोतं भिंतीपासून हातभर लांब, खाली ओंडके. आमच्या गाद्या भिंतीला चिकटून. काका पुढे बोलत राहिले ते जुन्या ज्वारीबद्दल. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. पीक भरघोस, पण ते लवकर तयार व्हायचं आणि दाणा भरण्याची वेळ नेमकी पावसात यायची. दाणा काळा पडायचा. गावरान ज्वारी उशिरा निसवायची, पाऊस सरल्यावर दाणा धरायची, म्हणून पांढरी राहायची. काकांच्या वडिलांनी संकरित ज्वारी पेरली होती आणि काळ्या दाण्याची भाकर घरात कोणी खाईना, ही आठवण त्यांनी सांगितली. वेळ चुकली की बुरशी, असं त्यांच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बोंड सडताना त्यांनी पाहिलं होतं, कापूस कवडी होताना पाहिलं होतं. ओल सांभाळण्याची एवढी समज ज्या जिल्ह्यात वावरा-वावरात आहे, तिथे माणसांच्या राहण्याच्या जागा मात्र कोणी त्या नजरेने पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी पलंग भिंतीपासून चार बोटं सरकवले. गाद्यांखालची प्लायची फळी काढून पट्ट्यांची केली, म्हणजे खालून हवा लागेल. गॅस बाहेर काढला. चाकांशेजारी टिन टाकून उघडा ओटा केला. कपडे वाळवायला त्याच टिनाखाली दोरी. केबिनखालची काळी माती काढून फूटभर मुरूम दाबून भरला आणि चारी बाजूंनी चर काढला, कारण ओली काळी माती दिवसरात्र खालून वाफ सोडते. हा मुरूम रोलरने दाबून घेताना ड्रायव्हर हसत होता, पण दाबला छान. लॅबच्या डेसिकेटरमध्ये असते तशी निळी सिलिका जेल कपाटात ठेवली. पाणी धरून ती गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी. कागदपत्रांच्या पेटीला ती पुरते. खोलीला पुरत नाही. किलोभर जेल फार तर पाव लिटरच्या वर थोडं पाणी धरते, एका माणसाच्या एका रात्रीचंही नाही. बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या डब्यांवर विसंबून कोणी बंद खोलीत निर्धास्त झोपू नये, म्हणून हे सांगतो.

कूलरचं प्रकरण विदर्भातल्या वाचकांनी लक्ष देऊन वाचावं. एप्रिल-मेमध्ये कूलर आपले प्राण वाचवतो. हवा तेव्हा इतकी कोरडी असते की ताट्यांवरचं पाणी झटकन उडतं आणि हवा गार होते. पाऊस सुरू झाला की हवेत जागाच उरत नाही. पाणी उडत नाही, गारवा येत नाही, फक्त दमटपणा वाढतो. तरी सवयीने कूलर जुलै-ऑगस्टपर्यंत चालू असतात, आणि त्यांच्या ताट्या म्हणजे बुरशीची तयार शेती. पंखा तिच्यातून वारा ओढून थेट झोपलेल्या माणसाच्या तोंडावर सोडतो. मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की कूलरची टाकी रिकामी करायची, ताट्या काढून फेकायच्या. आमच्या कॅम्पात हे केल्यावर सकाळच्या शिंका कमी झाल्या, हे केवळ माझं म्हणणं नव्हतं.

खिडकी उघडायची कधी, यावर आमच्यात वाद व्हायचे. ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला सगळे देतात. ऑगस्टच्या झडीत बाहेरची हवाच ९० टक्के दमट असते. ती आत घेतली तर खोली वाळत नाही. पण माणसांच्या श्वासाची भर पडलेल्या बंद खोलीपेक्षा ती बरीच असते. वहीतल्या आकड्यांवरून आम्ही ठरवलं ते असं: रात्री समोरासमोरच्या दोन झडपा थोड्या उघड्या, दुपारी पाऊस थांबून ऊन पडलं की दारं-खिडक्या सताड, गाद्या उभ्या. एसी असेल तर तो १८ अंशांवर ठेवायचा नाही. इतक्या थंडीने बोर्ड गार होतात, आणि कॅम्पाचा जनरेटर बंद झाला की दमट हवा त्या गार बोर्डांवर पाणी होऊन बसते. २६-२७ वर, ‘ड्राय’वर ठेवला तर तो खोलीतलं पाणी नळीवाटे बाहेर काढतो, खाली बादली ठेवून पाहिलं तर किती ते कळतं.

पावसाळा संपला की सुटलो असं सगळ्यांना वाटतं. डिसेंबरात नवा प्रकार. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आत थंडीमुळे सगळं बंद. खोलीत २० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर १४-१५ अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव पडायला लागतं. छत त्याहून गार असतं. पहाटे पांघरुणावर थेंब. बाहेर पावसाचा टिपूस नाही आणि घरात गळती, म्हणून मिस्त्रीला बोलावलं जातं. मिस्त्रीला भोक सापडत नाही, कारण भोक नसतंच. छताला आतून थर्माकोलच्या चादरी फटी न ठेवता चिकटवल्या, आणि पहाटेची दुलई कोरडी राहू लागली.

केबिन माझी सुधारली. पण केबिन मिळालेली माणसं थोडी होती.

कॅम्पाच्या मागच्या बाजूला मजुरांच्या खोल्या होत्या. झारखंड, बिहार, बंगालकडून आलेली माणसं. काही बाया, मुलं. टिनाच्या चार भिंती, टिनाचं छत, खाली तीच काळी माती वरून थोडी चुरी टाकलेली. आत चूल किंवा पाच किलोचा गॅस, आत दोरीवर कपडे, जमिनीवर प्लास्टिक आणि त्यावर गोधडी. तिथे मापक घेऊन गेलो तर काटा वरच्या टोकाला टेकलेला. गोधडीची खालची बाजू हाताला थंड लागायची. एका बाईने तिच्या मुलाच्या खोकल्याचं औषध दाखवलं. बाटलीमागून बाटली संपत होती. तिने मला विचारलं, “भैया, ये दवाई ठीक है ना?” औषधात काही खोट नव्हती. मूल रोज रात्री परत त्याच गोधडीवर निजत होतं.

त्या वेळी लागू असलेला बांधकाम मजुरांचा १९९६चा कायदा स्पष्ट होता: कामावरच्या मजुरांना तात्पुरती राहण्याची जागा मालकाने फुकट द्यायची, आणि स्वयंपाक, अंघोळ, धुणं, संडास यांची सोय वेगळी करायची. ‘स्वयंपाक वेगळा’ हे कलम लिहिणाऱ्याच्या मनात आग असेल, धूर असेल. माझ्या वहीच्या हिशेबाने ते ओलीविरुद्धचंही कलम होतं. मी ते आकडे घेऊन साहेबांकडे गेलो. आधी उत्तर आलं की कॅम्प सहा महिन्यांत हलणार आहे, खर्च कशाला. मी मजुरांच्या हजेरीचा कागद समोर ठेवला. झडीच्या आठवड्यांत आजारपणाच्या रजा किती वाढल्या होत्या ते त्यात दिसत होतं. कामाचं नुकसान दिसल्यावर गोष्ट हलली. एक लांब उघडं शेड स्वयंपाकाला, एक कपड्यांना. खोल्यांत मुरूम दाबून जमीन वर घेतली. बल्ल्या आणि प्लायचे उरलेले तुकडे देऊन माचे बांधायला सांगितलं. पैसे फार लागले नाहीत, साहित्य साइटवरचंच होतं. सगळ्या खोल्यांपर्यंत ते पोचलं नाही. ज्यांच्यापर्यंत पोचलं त्यांच्यात ते मूल होतं, आणि पुढच्या झडीत त्याची आई औषध विचारायला आली नाही.

सुटीच्या दिवशी मी कधी सेवाग्राम आश्रमात जाऊन बसायचो. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. त्या शेगावचंच पुढे सेवाग्राम झालं. बापूकुटी मुळात मीराबहेननी स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या जाड भिंती, कौलं, भिंतीला पाऊस लागू नये एवढा पुढे आलेला उतार. मातीचा गिलावा हवेतली ओल पितो आणि कोरड्या वेळी परत सोडतो. पत्रा आणि लॅमिनेट यांतलं काहीच करत नाहीत. मातीच्या घरालाही बुरशी लागते, वाळवी लागते, दरवर्षी डागडुजी लागते, हे मला माहीत आहे. ते घर ट्रॅक्टरला जोडूनही नेता येत नाही. पण वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी उभ्या केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि शंकूच्या आकाराच्या कौलांची पक्की, स्वस्त छतं करून दाखवली आहेत. महामार्गाचे कॅम्प दोन-तीन वर्षं एका जिल्ह्यात असतात. मजुरांच्या खोल्यांसाठी अशा माणसांना एकदा विचारायला काय हरकत होती, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता मोकळा झाला. आता नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचं घाटत आहे, आणि त्याची सुरुवात वर्ध्याजवळच्या पवनारपासून प्रस्तावित आहे. तो कसा व्हावा, कोणाच्या जमिनीतून जावा, यावर मोठे वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण जिथे कुठे रस्त्याचं काम निघेल तिथे कॅम्प पडतील, पुन्हा पत्र्याच्या केबिनी आणि टिनाच्या खोल्या उभ्या राहतील. भरावाच्या प्रत्येक थराचा ओलावा मोजल्याशिवाय पुढचा थर टाकता येत नाही, असं निविदेत लिहिलेलं असतं. त्याच निविदेत कॅम्पाच्या पानावर मला आणखी काही ओळी हव्या आहेत: दाबलेल्या मुरुमाची उंच जमीन, जमिनीपासून वर झोपायची सोय, खोलीबाहेर चूल, छपराखाली कपड्यांची दोरी, मृगाआधी छताची तपासणी, आणि प्रत्येक रांगेत एक आर्द्रतामापक, ज्याचे आकडे लॅबच्या रजिस्टरमध्ये मातीच्या आकड्यांच्या शेजारी रोज लिहिले जातील.